घरातला समुद्र आणि उतारवय

मुंबईत बालपण गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी काचेमागचा समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेल्या त्या वास्तूत शिरताना समुद्र पाहायला तिकीट काढून जावे लागते, असेच आपण गृहीत धरले होते. आता तोच समुद्र दिवाणखान्यात येऊन बसला आहे. पुण्यात किंवा न्यू जर्सीत राहणारा मुलगा हौसेने खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडतो, निळ्या दिव्याखाली केशरी-पांढरे क्लाउनफिश फिरू लागतात आणि काही महिन्यांत घरातल्या सर्वांच्या लक्षात येते की दिवसभर घरी असणारी व्यक्ती एकच आहे. मग त्या पेटीची देखभाल हळूहळू आपल्याकडे येते. काही जण निवृत्तीनंतर स्वतःहूनही हा छंद जवळ करतात. दोन्ही परिस्थितींत आपणांस काय काय निस्तरावे लागते आणि त्यात प्रकृतीची काळजी कोठे घ्यावी लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम लाभाची बाजू. पोहणारे मासे पाहत बसल्याने रक्तदाब काही काळ उतरतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९८०च्या दशकातच नोंदविले होते. इंग्लंडमधील प्लिमथ येथील राष्ट्रीय सागरी मत्स्यालयात एका मोठ्या टाकीत टप्प्याटप्प्याने मासे सोडले जात असताना प्रेक्षकांच्या हृदयगतीची व रक्तदाबाची मोजणी झाली; २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही असाच अनुभव आला. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या भोजनगृहात मत्स्यपेटी ठेवल्यावर ते अधिक जेवू लागले आणि त्यांचे वजनही वाढले. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे सारे निष्कर्ष मासे पाहणाऱ्यांविषयीचे आहेत. बादल्या उचलणाऱ्याचा रक्तदाब त्यांत कोणी मोजलेला नाही.

भारतात राहणाऱ्या वाचकांनी आरंभीच एका कायद्याची माहिती करून घेतली पाहिजे, कारण दुकानदार ती आपणहून सांगेलच असे नाही. दगडी सांगाडा तयार करणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि पंख्यासारखे पसरणारे गोर्गोनियन यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. समुद्रघोडेही संरक्षित आहेत. हे संरक्षण मृत प्रवाळाच्या तुकड्यालाही लागू आहे. म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरून शोभेसाठी आणलेला तुकडाही त्यात येतो. परदेशी प्रजातींपैकी आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित असलेले प्राणी बाळगायचे तर शासनाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा महाराष्ट्रात वा गोव्यात घरी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवायची असेल, तर कृत्रिम खडक आणि पैदास केंद्रात जन्मलेले मासे हाच निर्वेध मार्ग होय. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी करून दाखविली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासाच हवा असा आग्रह धरण्याचे कारण उरलेले नाही. यापुढे प्रवाळांविषयी जे लिहिले आहे, ते मुख्यतः परदेशी मुलांकडे राहणाऱ्या आणि तेथील रीतसर खरेदी केलेल्या ‘रीफ टँक’शी ज्यांची गाठ पडते त्यांच्यासाठी आहे.

या पेटीची पहिली अडचण म्हणजे तिला घाई चालत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो; तो माशांना विषासमान असतो. खडकांच्या सूक्ष्म छिद्रांत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि नंतर बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. दह्याचे विरजण रात्रभरात लागते, हे विरजण महिना-दीड महिना घेते. तोवर पेटीत नुसते पाणी आणि दगड पाहत बसावे लागते. नातवंडांच्या आग्रहास्तव पहिल्याच आठवड्यात पाच-सहा मासे आणून सोडले, तर त्यांतील बहुतेकांची आयुष्ये तेथेच संपतात.

खरी रोजची कसोटी पाण्याच्या खारेपणाची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पेटीतही तेच प्रमाण राखायचे असते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. शंभर लिटरच्या पेटीतून उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर पाणी उडून जाते असे समजा. आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही तर १४ लिटर पाणी कमी होईल, पण मीठ तेवढेच राहील. म्हणजे खारेपणा ३५ वरून ४० च्या पुढे जाईल. म्हणून पातळी उतरली की रोज थोडे गोडे पाणी घालायचे असते. पेटी खाऱ्या पाण्याची आहे म्हणून भरही खाऱ्याच पाण्याची घालणे, ही नवख्या घरांत वारंवार घडणारी गफलत. तिने खारेपणा वाढतच जातो. खारे पाणी लागते ते आठवड्याच्या बदलासाठी, जेव्हा जुने पाणी काढून तेवढेच नवे घालायचे असते. हा फरक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पेटीच्या बाजूस चिकटवून ठेवावा.

गोडे पाणी म्हणजे नळाचे पाणी मात्र नव्हे. त्यात क्लोरीन असते आणि नळांच्या धातूतून उतरलेले तांबेही असू शकते. अत्यल्प तांबेदेखील कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना मारक ठरते. तांब्याच्या कळशीतले पाणी आपल्यासाठी कितीही गुणकारी मानले जात असले तरी या पेटीपासून ती कळशी दूरच असावी. स्वयंपाकघरातील आरओचे पाणीही पारखून घ्यावे, कारण अनेक यंत्रे चवीसाठी शेवटी खनिजे परत मिसळतात. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याचा तर विचारही करू नये. मीठ कोणते, असाही प्रश्न येतो. स्वयंपाकाचे मीठ हे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते; समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर कितीतरी क्षार असतात. यासाठी मत्स्यालयाचे तयार मिश्रणच घ्यावे लागते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समोरच्या समुद्राचा मोह पडतो, परंतु पावसाळ्यात तेथील पाणी नद्यांमुळे फिके झालेले असते आणि बंदराजवळच्या पाण्यात तेल व सांडपाणी असते.

उष्म्याचा प्रश्न आपल्याकडे अधिक तीव्र आहे. या जीवांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि आपल्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळांना देतात. पाणी दीर्घकाळ ३० अंशांच्या आसपास राहिले की ही भागीदारी मोडते, शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. काचेवर तिरपा पंखा लावला तर बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चांगली चालते, मुंबईच्या दमट हवेत तितकी नाही. पाणी थंड करणारे यंत्र बसविले तर ते काढलेली उष्णता खोलीतच सोडते, हे ती खोली ज्येष्ठांची निजायची असेल तर आधी ध्यानात घ्यावे. वीज गेली की पंप थांबतात, पाण्याची हालचाल बंद पडते आणि प्राणवायू घटू लागतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असणे म्हणूनच अनिवार्य समजावे. तो नसेल तर पेल्याने पाणी वर काढून पुन्हा पेटीत ओतत राहणे, हाही तात्पुरता उपाय आहे. हे काम तासन्‌तास करण्याचा हट्ट मात्र सत्तरीत करू नये.

प्रवाळांच्या पेटीत आणखी एक हिशेब असतो. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरून बांधतात, जसे आपले शरीर हाडांसाठी कॅल्शियम वापरते. आयुर्वेदातील प्रवाळभस्म हे मूलतः याच सांगाड्याचे कॅल्शियम. वाढते प्रवाळ पाण्यातून ते सतत उचलत राहतात, म्हणून लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम राखावे लागते, तसेच अल्कलिनिटी नावाची तिसरी मोजणीही ठेवावी लागते. आकडा अधूनमधून थोडा चुकला तरी निभावते. एका दिवसात मोठी उडी मात्र या जीवांना सोसत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी पाश्चात्त्य हौशी लोक जे द्रावण वापरतात आणि ज्याला भारदस्त जर्मन नावाने ओळखतात, ते म्हणजे आपली चुन्याची निवळी. विड्याच्या पानाला लावायचा चुना मात्र त्यासाठी शुद्ध नसतो. आणि निवळी साधी असली तरी चुन्याची कोरडी पूड डोळ्यांत गेल्यास बुबुळ भाजते. पूड मिसळताना चष्मा हवा, हातमोजे हवेत आणि डबीवर ठळक अक्षरांत नाव हवे. पांढऱ्या पुडीच्या डब्या घरात पुष्कळ असतात.

आता पेटीभोवतीच्या माणसाकडे वळू. एक लिटर खारे पाणी एक किलोहून किंचित जड असते. म्हणजे वीस लिटरची बादली उचलणे हे वीस किलोहून अधिक वजन उचलणे होय, आणि ते वाकून, वळून, ओल्या फरशीवर. अस्थिविरळता असलेल्या मणक्याला यापेक्षा वाईट व्यायाम शोधून सापडणार नाही. पाणी बदलण्यासाठी लांब नळी आणि लहान पंप वापरावा, किंवा पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये काम वाटून घ्यावे. नळीतून पाणी ओढण्यासाठी तोंडाने चोखू नये. लहान पेटी सोपी असेल असे वाटते, परंतु थोड्या पाण्यात बदल झपाट्याने होतात. मोठ्या पेटीत ते सावकाश होतात, पण वजन पेलण्याचे प्रश्न उद्भवतात. दोनशे लिटरची पेटी दगड, वाळू आणि काच धरून तीनशे किलोच्या आसपास भरू शकते. माझ्या मते शंभर ते दीडशे लिटरची, खुर्चीत बसून हात पोहोचेल इतक्या उंचीवरची पेटी उतारवयात सर्वांत सोयीची. जिच्यासाठी स्टुलावर चढावे लागते ती पेटी कितीही देखणी असली तरी नको. खुब्याचे हाड मोडले तर आयुष्याचा क्रमच बदलतो.

खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. उडालेले थेंब सुकून तारांवर, प्लगवर पांढरी कड धरतात. ती ओलसर झाली की वीज तिच्यातूनही वाहते. पेटीच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्यावा, प्रत्येक तार प्लगकडे जाण्याआधी खाली झुकलेली ठेवावी, म्हणजे थेंब तेथेच गळून पडतो, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करावीत. ज्यांना पेसमेकर बसविलेला आहे त्यांच्यासाठी आणखी एक सूचना, जी मत्स्यालयाच्या दुकानात सहसा कोणी देत नाही. काच पुसण्याचे चुंबकी पुसणे आणि पेटीत लाटा निर्माण करणारे पंप यांत शक्तिशाली चुंबक असतात. ते छातीपासून निदान एक वीत दूर असावेत. खिशात ठेवणे किंवा छातीशी धरून नेणे टाळावे. काच पुसायचे काम अशा घरी दुसऱ्या कोणी करावे, हे उत्तम.

त्वचेच्या एका आजाराविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्याचे निदान फार उशिरा होते. क्षयरोगाच्या जंतूचा दूरचा नातलग असलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जीवाणू मत्स्यपेट्यांत आढळतो. १९२६ साली फिलाडेल्फियातील मत्स्यालयात मेलेल्या माशांतून तो प्रथम वेगळा करण्यात आला. बोटावर खडकाचा ओरखडा असतो, आपण पाण्यात हात घालतो आणि विसरून जातो. दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, तेथे एक लालसर गाठ उठते. ती दुखतेच असे नाही. मग मनगटाच्या दिशेने रांगेत आणखी गाठी दिसू लागतात. नेहमीच्या प्रतिजैविकांच्या पाच दिवसांच्या औषधाने ती बरी होत नाही. योग्य औषध कित्येक महिने घ्यावे लागते. या जीवाणूला ३० अंशांच्या आसपासचे तापमान आवडते, म्हणून तो शरीरात खोल न शिरता बहुधा हातापायांच्या थंड त्वचेत राहतो. परंतु संधिवातासाठी स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत तो अधिक पसरू शकतो. डॉक्टर ‘बागकाम करता का’ असे विचारतील, ‘मासे पाळता का’ असे विचारतीलच याची खात्री नाही. हातावर न भरणारी गाठ वा जखम घेऊन जाताना हे आपणच सांगावे.

समुद्राच्या पाण्यातील काही जीवाणू याच्या उलट, अतिशय वेगाने वाढतात. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांच्या जखमेत ते शिरल्यास काही तासांत सूज, असह्य वेदना आणि ताप येतो. असे झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कोपरापर्यंतचे लांब हातमोजे वापरल्यास यातील बहुतेक धोका टळतो. बोटावर उघडी जखम असेल त्या दिवशी पेटीचे काम पुढे ढकलावे. रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी खडक हाताळूच नयेत.

सर्वांत गंभीर धोका मात्र दिसायला सर्वांत सुंदर जीवाकडून येतो. पॅलिथोआ आणि त्याच्या जातकुळीतील बटणासारखे, चटईसारखे पसरणारे जीव परदेशातील पेट्यांत अगदी सर्रास असतात. त्यांतील काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. हवाई बेटांतील अशाच जीवापासून ते वेगळे केल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झाले आणि ज्ञात असलेल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. पेटीत ते जीव शांत असतात तोवर काही होत नाही. धोका निर्माण होतो तो सफाईच्या वेळी: नको असलेले जीव काढण्यासाठी कोणी खडक उकळतो, गरम पाण्याने धुतो, ब्रशने घासतो, आणि विषाचे तुषार श्वासात जातात. उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यातील स्टीव्हन्टन गावी पेटी साफ केल्यानंतर एका कुटुंबातील सहा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मदतीस गेलेल्या अग्निशामक दलाच्या चौघांचीही तपासणी झाली. तोंडात कडवट, धातूसारखी चव, खोकला, धाप, थंडी-ताप आणि स्नायूंची वेदना ही लक्षणे दिसतात. फ्लूसारखी वाटल्यामुळे वृद्धांत ती दुर्लक्षिली जाण्याचा संभव अधिक. डोळ्यात तुषार गेल्यास बुबुळाला इजा होते. या विषावर उतारा नाही, केवळ आधार देणारे उपचार आहेत. तेव्हा मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनी घर स्वच्छ करण्याच्या आपल्या सवयीतून हा दगड मात्र वगळावा. असा प्रसंग घडलाच तर सर्वांनी ताबडतोब घराबाहेर मोकळ्या हवेत यावे, रुग्णवाहिका बोलवावी आणि ‘पेटीतला प्रवाळ साफ केला’ हे शब्द आवर्जून सांगावेत.

काही माशांच्या काट्यांत विष असते. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्याने वेदना उतरते. परंतु मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील तर स्वतःच्या हाताने पाण्याचा अंदाज घेऊ नये. दुसऱ्या कोणी पाहून द्यावा, नाहीतर काट्यापेक्षा भाजणे महागात पडते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक वेगळीच समस्या असते. विस्मरण होऊ लागलेले आजोबा माशांना दिवसातून चार वेळा खाऊ घालतात, कारण आधी घातलेले आठवत नाही. उरलेले अन्न कुजते, पाणी गढूळते, शैवाल माजते आणि एके सकाळी मासे मेलेले दिसतात. मेलेल्या माशांपेक्षा आजोबांना बोललेले शब्द अधिक लागतात. पेटी गुपचूप काढून टाकणे हा यावरचा उपाय नव्हे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य एका वारांच्या डबीत आठवड्याचे भरून ठेवावे. आजच्या वाराचा कप्पा रिकामा असेल तर मासे जेवले आहेत. ही डबी औषधांच्या डबीपेक्षा वेगळ्या रंगाची, वेगळ्या आकाराची असावी आणि वेगळ्या खोलीत राहावी, हे सांगण्याची गरज वाटू नये, पण गरज असते. पाण्याची तपासणी, मिश्रणे आणि विजेची कामे आपण घ्यावीत. खाऊ घालणे, मासे मोजणे, कोणता लपला आहे ते शोधणे त्यांच्याकडे राहू द्यावे.

आणखी एक हिशेब पेटी मांडण्यापूर्वीच करावा लागतो. क्लाउनफिश चांगल्या देखभालीत वीस वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. सत्तराव्या वर्षी आणलेला मासा आपल्या नव्वदीतही पोहत असू शकतो. अचानक इस्पितळात दाखल व्हावे लागले तर पेटीची जबाबदारी कोण घेणार, हे एका व्यक्तीशी नावानिशी ठरवून ठेवावे. तिला एकदा प्रत्यक्ष बोलावून रोजचे पाणी किती, कोणत्या कॅनमधले, खाद्य किती, वीज गेल्यास काय करायचे आणि कोणत्या दगडाला हात लावायचा नाही, एवढे दाखवावे. हेच सर्व एका पानावर लिहून ते पान औषधांच्या यादीशेजारी, फ्रिजच्या दारावर लावावे आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही कागद एकदमच तपासून घ्यावेत.